जुन्या ट्युब्याची दुरुस्ती आणि फेरबदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौस म्हणून जुना ट्युबा, म्हणजे फुंकून वाजवायचे मोठे पितळी वाद्य, दुरुस्त करायला घेतलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे कामाच्या क्रमाने दिली आहेत. जे काम चुकले तरी पूर्ववत करता येते ते आधी आणि ज्यात करवत चालवावी लागते ते सर्वांत शेवटी, हाच तो क्रम.

जुना ट्युबा हाती आल्यावर सर्वांत आधी काय तपासावे?

पोचे आणि काळवंडलेले पितळ चटकन डोळ्यांत भरते, त्यामुळे पाहणाऱ्याचे मन तिथेच अडकते. प्रत्यक्षात वाद्य वाचवण्याजोगे आहे की नाही हे व्हॉल्व्ह, म्हणजे दाबल्यावर हवेच्या मार्गात जादा नळी जोडणाऱ्या झडपा, ठरवतात. वाकलेली बेल (वाद्याचे रुंद, उघडे तोंड) सरळ करता येते आणि सुटलेला आधार पुन्हा जोडता येतो, पण झिजलेला पिस्टन (व्हॉल्व्हमधला वर-खाली सरकणारा दट्ट्या) आणि त्याचे घर पूर्ववत करणे हे यंत्रशाळेचे आणि खर्चाचे काम आहे.

यासाठी एक सोपी चाचणी आहे. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे आत-बाहेर सरकणारी नळी, चार-पाच सेंटिमीटर बाहेर ओढावी, मनात दहा आकडे मोजावेत आणि मग व्हॉल्व्ह दाबावा. आत निर्माण झालेली पोकळी टिकून राहिली असेल, तर बाटलीचे बूच निघाल्यासारखा ‘पॉक्’ असा स्पष्ट आवाज येतो. आवाज आला नाही, तर कुठेतरी हवा शिरते आहे. मग स्लाइडला दाट ग्रीस लावून चाचणी पुन्हा करावी. आता आवाज आला तर दोष स्लाइडचा होता. तरीही आला नाही, तर व्हॉल्व्हला दाट तेल घालून तिसऱ्यांदा पाहावे. तेलाने आवाज परतला, तर व्हॉल्व्ह झिजलेला आहे असे समजावे. ही चाचणी प्रत्येक व्हॉल्व्हवर करून निकाल वहीत लिहून ठेवावा, कारण दुरुस्तीनंतर तुलना करायला हाच एक विश्वासार्ह आधार उरतो.

व्हॉल्व्ह झिजलेले असतील तर घरच्या घरी काय करता येते?

चांगल्या स्थितीतील पिस्टन आणि त्याचे घर यांच्या व्यासांत जेमतेम काही शतांश मिलिमीटरांचा फरक असतो. हा फरक वाढला की हवा पिस्टनच्या कडेने निसटते आणि खालचे सूर पोकळ, अस्थिर लागतात. झीज थोडी असेल तर दाट तेलावर वाद्य अनेक वर्षे चालते. झीज जास्त असेल, तर पिस्टनवर विद्युत विलेपनाने धातूचा थर चढवून तो घराच्या मापाला घासून बसवावा लागतो, आणि हे काम त्यातल्या जाणकाराकडेच द्यावे. अडकणाऱ्या पिस्टनवर पॉलिश पेपर फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. तो कृपया टाळावा, कारण तसा घासून निघालेला धातू परत येत नाही आणि अडकण्याचे कारण बहुतेक वेळा मळ किंवा वाकलेले घर हेच असते.

घरी करण्याजोगे आणि फार गुण देणारे काम म्हणजे छिद्रांची जुळणी. जुन्या वाद्यातले नमदे (लोकरीच्या मऊ चकत्या) आणि बुचे दबून पातळ झालेली असतात, त्यामुळे दाबलेला पिस्टन ठरल्या जागेच्या थोडा खाली थांबतो आणि नळीच्या तोंडाशी एक अरुंद पायरी तयार होते. स्लाइड काढून छोट्या आरशाने आणि टॉर्चने आत पाहिल्यास ही पायरी चंद्रकोरीसारखी दिसते. योग्य जाडीचा नमदा घालून ती नाहीशी केली, की सूर मोकळा झाल्याचे लगेच जाणवते. रोटरी व्हॉल्व्हमध्ये (यात पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर असतो) मागचे झाकण काढल्यावर रोटरच्या टोकावर आणि त्याभोवतीच्या चकतीवर बारीक खुणा दिसतात. व्हॉल्व्ह उघडा असताना एक जोडी आणि दाबलेला असताना दुसरी जोडी अगदी समोरासमोर यायला हवी. येत नसेल तर बुचाचा बारीक काप काढून किंवा नवीन बूच बसवून ती आणता येते.

वाद्य आतून कसे स्वच्छ करावे?

धुण्यापूर्वी वाद्य वाजवून पाहू नये. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या नळीत बुरशी आणि जिवाणू वाढलेले असतात, आणि अस्वच्छ वाद्यांमुळे वादकांच्या फुप्फुसांना सूज आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

सर्व स्लाइडी, व्हॉल्व्ह, नमदे आणि स्प्रिंगा काढून क्रमाने मांडाव्यात. पाणी कोमट, म्हणजे ४० अंश सेल्सिअसच्या आतच असावे, कारण त्याहून गरम पाण्यात जुने लॅकर (पितळावरचा पारदर्शक संरक्षक लेप) सुटून येते. भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण आणि लवचीक तारेच्या दांड्याचा ब्रश यांनी बहुतेक मळ निघतो. माझ्या हातच्या पहिल्या ट्युब्याच्या माउथपाइपमधून (फुंकण्याच्या टोकाजवळच्या नळीतून) जो काळपट हिरवा लगदा पाण्याबरोबर बाहेर आला, त्याने नळीचा निम्मा मार्ग व्यापलेला होता, आणि सुराचा जो दोष मी व्हॉल्व्हच्या माथी मारत होतो तो निम्मा तिथेच संपला.

साबणाने न निघणाऱ्या थरासाठी एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून सुटे भाग त्यात वीस-तीस मिनिटे ठेवावेत, मग भरपूर पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढावेत. जास्त वेळ ठेवल्यास पितळावर तांब्याची गुलाबी झाक येते. तीव्र खनिज आम्ले वापरूच नयेत.

स्लाइड जागची हलत नाही. काय करावे?

घाई हेच या कामातले सर्वांत मोठे नुकसान आहे. सांध्यावर भेदक तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे, मधूनमधून लाकडी हातोडीने हलके टिचकारे मारावेत आणि तेल पुन्हा सोडावे. नंतर तेल पूर्ण पुसून, उष्ण हवेच्या यंत्राने फक्त बाहेरची नळी तापवावी. बाहेरची नळी प्रसरण पावते आणि आतली अजून थंड असते, त्या क्षणी पकड सुटते. सांधे जोडणारा डाख साधारण १८३ अंशांना वितळू लागतो, त्यामुळे उष्णता त्याच्या बरीच आत ठेवावी. ओढताना स्लाइडच्या वाकातून जाड सुती पट्टा घालून सरळ रेषेत झटका द्यावा. पकडीने धरून पिळल्यास नळीच पिळली जाते.

पितळावर गुलाबी ठिपके दिसतात. ते घासून जातील का?

काही जातील, काही जाणार नाहीत, आणि हा फरक ओळखता येणे महत्त्वाचे आहे. ट्युब्याचे नेहमीचे पिवळे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. लाळेतील आर्द्रता आणि क्षार सतत लागत राहिले, की मिश्रधातूतून जस्त निघून जाते आणि मागे स्पंजासारखे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. ही प्रक्रिया आतून बाहेर येते. त्यामुळे बाहेर दिसणारा लहान गुलाबी ठिपका हा बहुधा आतल्या मोठ्या डागाचे टोक असतो, आणि त्याच्या मध्यभागी अनेकदा काळा किंवा हिरवट बिंदू असतो. आम्लाच्या धुण्याने आलेली गुलाबी झाक मात्र सगळीकडे सारखी पसरलेली असते आणि मऊ कापडाने पुसली जाते.

शंका असेल तेथे बोथट सुईने हलके दाबून पाहावे. चांगले पितळ सुईला दाद देत नाही. सडलेले पितळ किंचित दबते किंवा सुई आरपार जाते. असा भाग घासून उजळवला तर तो आणखी पातळ होतो. एकुलता ठिपका असेल तर वरून पितळी ठिगळ डाखाने बसवून काम भागते. माउथपाइपवर ठिपक्यांची रांगच असेल, तर ती नळी बदलणे हाच खरा उपाय आहे. नवी नळी निवडताना ८५ टक्के किंवा त्याहून अधिक तांबे असलेल्या पितळाची घेतल्यास हा दोष सहसा पुन्हा उद्भवत नाही.

पोचे स्वतः काढता येतात का?

काही प्रमाणात येतात, पण आधी कोणते पोचे काढायचे हे ठरवावे. माउथपाइप आणि व्हॉल्व्हजवळच्या अरुंद नळ्यांमधला छोटा पोचाही नळीच्या छेदाचा बराच भाग अडवतो, म्हणून तो सुरावर स्पष्ट परिणाम करतो. तळाच्या रुंद वाकातला तेवढाच पोचा दिसायला वाईट असला तरी ऐकू येत नाही. तेव्हा अरुंद बाजूकडून रुंद बाजूकडे जावे आणि हात तयार होईपर्यंत शेवटचा, सर्वांना दिसणारा पोचा तसाच ठेवावा.

ट्युब्याचा पत्रा अनेक ठिकाणी जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतो. त्याला आतून आधार दिल्याशिवाय बाहेरून ठोकणे म्हणजे एका पोच्याचे दोन करणे. आतून योग्य व्यासाचा पोलादी गोळा किंवा गोल टोकाची सळई टेकवून बाहेरून हलक्या हाताने मठारत जावे. सुरुवात पोच्याच्या मध्यापासून करू नये. कडेची जी उंच किनार तयार झालेली असते, तिथून गोल गोल फिरत आत यावे. पत्रा ज्या क्रमाने दबला त्याच्या उलट क्रमाने तो परत येतो, आणि ठोक्याचा आवाज भद्द वरून टणक झाला की तो भाग आधारावर बसल्याचे कानाला कळते.

जिथे सळई पोहोचत नाही, अशा वाकांसाठी आत पोलादी गोळा आणि बाहेर शक्तिशाली निओडिमियम चुंबक ही जोडी फार उपयोगी पडते. पितळ चुंबकाला ओढले जात नाही, त्यामुळे गोळा पत्र्याला आतून दाबत चुंबकामागे फिरतो. चुंबकाखाली पातळ चामड्याची पट्टी ठेवावी, नाहीतर ओरखडे उठतात. हे चुंबक बोट चिरडण्याइतके जोरकस असतात आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी ते हाताळू नयेत.

एकच जागा वारंवार मठारली की पितळ ताठर होऊन तडकते. तापवून ते पुन्हा मऊ करता येते, पण त्यासाठी लागणाऱ्या ४५० ते ६०० अंश उष्णतेत जवळचा सगळा डाख वितळतो आणि लॅकर जळते, म्हणून हा उपाय फक्त वाद्यापासून सुट्या केलेल्या भागांवरच करावा.

सुटलेले आधार आणि सांधे कोणत्या डाखाने जोडावेत?

ज्या सांध्यांवर फार भार नसतो आणि जे पुढे कधी तरी उघडावे लागतील, त्यांना मऊ डाख वापरतात. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेला डाख १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळतो, तर शिसेविरहित कथील-चांदीचा डाख सुमारे २२१ अंशांना. चांदीचा कडक डाख ६०० अंशांच्या वर वितळतो. तो टाकणखार वापरून चाव्यांचे तुटलेले दांडे किंवा आधारांचे तुकडे जोडण्यासाठी ठीक आहे, पण जुळलेल्या वाद्यावर त्याची ज्योत नेऊ नये.

सांधा आतून-बाहेरून चकचकीत घासलेला असावा, भाग एकमेकांत सैल न राहता बसावेत आणि ज्योत डाखाला न लावता धातूला लावावी. धातू योग्य तापला की डाख क्षणात चमकत सांध्याभोवती धावतो. थेंब होऊन लोंबकळत राहिला, तर जागा मळलेली आहे किंवा थंड आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाग जोर लावून जागेवर आणू नयेत. दोन मिलिमीटर दूर राहिलेला आधार पकडीने दाबून डाखला, तर तो ताण वाद्यात कायमचा कोंडला जातो, स्लाइडी जड होतात आणि पुढे सांधा तडकतो. आधी आधार वाकवून घ्यावा, तो नुसता ठेवला तरी जागेवर बसला पाहिजे, आणि मगच डाख द्यावा.

नवसागर (अमोनियम क्लोराइड) घातलेले रसायन डाखकामात वापरले असेल, तर ते गरम पाण्याने पूर्ण धुऊन काढावे. ताणाखाली असलेल्या पितळाला अमोनियाचा संसर्ग झाला, की त्याला आपोआप तडे जातात. एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत असत, आणि त्या तड्यांचे मूळ जनावरांच्या मुतातील अमोनियात होते. अमोनिया असलेले चकाकीचे द्रव याच कारणाने ट्युब्यापासून दूर ठेवावेत.

सुरक्षिततेबाबत दोन गोष्टी: शिशाचा डाख हाताळल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, आणि अनोळखी जुना चांदीचा डाख वापरू नये, कारण अशा अनेक डाखांत कॅडमियम असे व त्याची वाफ प्राणघातक ठरू शकते.

लॅकर काढून वाद्य चमकवावे का?

गरज नाही. लॅकरविना ट्युबा उत्तम वाजतो आणि हळूहळू त्याला शांत तपकिरी रंग येतो. चमकवण्याचे चाक पितळ खाते, कोरीवकाम पुसते आणि आधीच पातळ झालेल्या पत्र्याला भोक पाडू शकते. काढायचेच असेल, तर मिथिलीन क्लोराइडयुक्त द्रव बंद खोलीत कधीही वापरू नये. त्याच्या वाफेने माणसे दगावलेली आहेत.

दुरुस्ती झाली, तरी सगळे सूर चढे लागतात. असे का?

वाद्य जुन्या, चढ्या पट्टीचे असू शकते. आज मध्य सप्तकातील ए हा सूर ४४० हर्ट्झवर मानला जातो. ब्रिटनच्या ब्रास बँडमध्ये मात्र १९६० च्या दशकापर्यंत सुमारे ४५२ हर्ट्झची पट्टी चालत होती. हा फरक जवळजवळ पाव स्वराचा आहे, म्हणजे नळी सुमारे २.७ टक्के आखूड आहे. बी फ्लॅट ट्युब्याची (ज्याचा मूळ सूर बी फ्लॅट असतो) नळी ५.५ मीटर धरली, तर १५ सेंटिमीटर नळी वाढवावी लागते. मुख्य स्लाइडला दोन पाय असल्यामुळे प्रत्येक पाय साडेसात सेंटिमीटर लांब करून हे साधते. अनेकजण एवढ्यावर थांबतात, आणि मग उघडे (व्हॉल्व्ह न दाबता वाजणारे) सूर बरोबर पण व्हॉल्व्हचे सूर चढे अशी स्थिती येते. व्हॉल्व्हच्या स्लाइडीही त्याच प्रमाणात वाढवायला हव्यात. पहिल्या व्हॉल्व्हसाठी ही वाढ एकूण दोन सेंटिमीटरांच्या आसपास येते.

बी फ्लॅट ट्युबा कापून सी चा करता येतो का?

येतो, आणि हा बदल हौशी आणि व्यावसायिक दोघांनीही यशस्वीपणे केलेला आहे. पण नळीचा तुकडा कापून टाकला की झाले, अशी समजूत असेल तर वाद्य वाया जाते. ५.५ मीटरचा मार्ग ४.९ मीटरवर आणायचा म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर कमी करायचे. ट्युब्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून मधूनच मोठा तुकडा काढला तर त्या जागी व्यासाची पायरी पडते आणि काही सूर आपली जागा सोडतात. त्यामुळे कपात माउथपाइप, मुख्य स्लाइड आणि वेगवेगळ्या वाकांचे पाय यांत थोडी थोडी वाटून घ्यावी लागते.

शिवाय प्रत्येक व्हॉल्व्हची नळीही आखूड करावी लागते. बी फ्लॅटमध्ये दुसऱ्या व्हॉल्व्हला साधारण ३३, पहिल्याला ६७, तिसऱ्याला १०४ आणि चौथ्याला १८४ सेंटिमीटर नळी लागते. सी मध्ये हेच आकडे अनुक्रमे २९, ६०, ९३ आणि १६४ होतात. कापण्यापूर्वी वाद्याचे पूर्ण चित्र कागदावर काढून प्रत्येक सांध्याचा व्यास कॅलिपरने मोजून लिहावा. पहिला काप हिशेबापेक्षा दोन सेंटिमीटर कमीच घ्यावा आणि सांधे डाखण्यापूर्वी चिकटपट्टीने हवाबंद करून वाजवून पाहावे. हे तात्पुरते जुळवलेले वाद्य एक आठवडा वाजवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

तीन व्हॉल्व्हच्या ट्युब्याला चौथा व्हॉल्व्ह जोडणे योग्य ठरेल का?

सुराच्या दृष्टीने कारण सबळ आहे. वरील आकड्यांत पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबल्यास १७१ सेंटिमीटर नळी मिळते, पण त्या सुराला १८४ हवी असते; म्हणजे १३ सेंटिमीटर कमी पडतात आणि सूर चढा लागतो. तिन्ही एकत्र दाबल्यास तूट २४ सेंटिमीटरांपर्यंत जाते. चौथा व्हॉल्व्ह पहिली तूट पूर्ण भरून काढतो आणि दुसरी बरीच कमी करतो. हाच प्रश्न इंग्रज वाद्यरचनाकार डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये वेगळ्या रीतीने सोडवला: त्यांच्या रचनेत शेवटचा व्हॉल्व्ह दाबला, की हवा उरलेल्या व्हॉल्व्हमधून पुन्हा एकदा जाते आणि लहान जादा नळ्यांमधून तूट आपोआप भरते.

मात्र स्वतंत्र चौथा व्हॉल्व्ह बसवायला त्याच्या आतल्या नळीचा व्यास बाकीच्यांशी जुळणारा असावा लागतो आणि तो बसवायला मुख्य मार्गात जागा लागते, म्हणून पहिल्याच प्रकल्पात तो घेऊ नये. त्याऐवजी पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड वरच्या बाजूला वळवून डाव्या हाताला सहज ओढता येईल अशी हलकी करावी. वाजवताना ती साडेसहा सेंटिमीटर बाहेर काढली, तर दोन पायांची मिळून नेमकी ती १३ सेंटिमीटरांची तूट भरते.

कोणत्या वाद्यात बदल करूच नये?

ट्युब्याचे पेटंट प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात १२ सप्टेंबर १८३५ रोजी विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मॉरिट्झ यांना मिळाले. त्या आरंभीच्या दशकांतले वाद्य, न बदललेली दुर्मीळ रचना किंवा अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीचे मोठे ट्युबे हाती आले, तर स्वच्छतेपलीकडे काही न करता आधी जाणकाराला दाखवावे. शिकागो सिंफनी या वाद्यवृंदात ट्युबावादक अर्नोल्ड जेकब्स ज्या यॉर्क ट्युब्यावर वाजवत, त्याच्या प्रतिकृती करण्यासाठी पुढच्या काळातील कारागिरांनी त्याची मापे घेतली. मूळ रूप शाबूत राहिले म्हणूनच ती मापे मिळू शकली. प्रयोगासाठी मोठ्या संख्येने बनलेले, शाळेच्या वापरात झिजलेले वाद्य घ्यावे.

काम पूर्ण झाल्यावर कशी चाचणी घ्यावी?

पहिल्या दिवशी लिहून ठेवलेली ‘पॉक्’ची चाचणी प्रत्येक व्हॉल्व्हवर पुन्हा घ्यावी. मग वाद्यात दहा मिनिटे फुंकून ते आतून उबदार करावे, कारण आतली हवा एका अंशाने तापली की सूर सुमारे तीन सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो आणि थंड वाद्यावर केलेली जुळणी खोटी ठरते. बी फ्लॅट ट्युब्यात कोणताही व्हॉल्व्ह न दाबता ५८.३, ८७.३ आणि ११६.५ हर्ट्झचे सूर ट्यूनरवर पाहावेत. प्रत्येक सूर आधी न पाहता, ओठांना सहज वाटेल तिथे वाजवावा आणि स्थिर झाल्यावरच ट्यूनरकडे नजर टाकावी. काटा पाहत वाजवले, तर ओठ नकळत दोष झाकतात. मिळालेले आकडे त्याच वहीत, त्या जुन्या नोंदींच्या शेजारी लिहावेत.